काळ्या मातीवर कृत्रिम गवत: नाशिकमधल्या एका मागच्या अंगणाचं प्रकरण

(घर ओळखता येईल असे तपशील बदलले आहेत. काम मी स्वतः पाहिलं, त्यामुळे चुकांची जबाबदारीही माझीच.)

पार्श्वभूमी

रो-हाउस, गंगापूर रोडच्या बाजूला. मागे २० फूट रुंद आणि १८ फूट खोल अंगण, म्हणजे ३६० चौरस फूट. घरात बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांची वॉकर घेऊन चालणारी आई, मुलगा-सून आणि अडीच वर्षांचा नातू. अंगणाच्या एका कोपऱ्यात कढीपत्त्याचं जुनं झाड, दुसऱ्या कोपऱ्यात मोरीच्या पाण्याचा चेंबर.

इथे आधी खरी हिरवळ होती. मग दक्षिणेच्या कंपाउंडपलीकडे चार मजली इमारत उभी राहिली. नाशिक २० अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो आणि त्या इमारतीची सावली अख्खं अंगण झाकून घराच्या भिंतीवर चढते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा त्याच अंगणात दुपारी वीतभरही सावली नसते. आठ महिने काळोख आणि दोन महिने भट्टी, अशा जागी लॉन कसं टिकणार? दोन वर्षांत हिरवळ गेली, चिखल उरला.

कृत्रिम गवताचं नाव झालं तेही अशाच अडचणीतून. १९६५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोडोम हे छताखालचं मैदान सुरू झालं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झगमगाटात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. मग खालचं गवत मेलं आणि १९६६ साली तिथे नकली गवत अंथरलं गेलं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आम्ही एकटेच मूर्ख नाही तर!"

कारण मला बोलावलं तेव्हा गवत आधीच टाकून झालं होतं. आदल्याच्या आदल्या दिवाळीत एका ठेकेदाराने अंगण फावड्याने सारखं केलं, त्यावर निळी ताडपत्री अंथरली, वर गवताचे पट्टे टाकले, कडेने खिळे मारले आणि तीन दिवसांत पैसे घेऊन गेला. दिवाळीच्या फोटोंत ते अंगण खरोखर सुरेख दिसतं.

अडचण

मध्ये एक पावसाळा जाऊन, मार्चमध्ये मी पहिल्यांदा गेलो. गवतावर चालताना पाय कुठे मऊ पडत होता, कुठे पोकळ. जोड बोटभर उघडले होते. आजी म्हणाल्या, "या खोट्या गवतावर माझा वॉकर डगमगतो रे. त्यापेक्षा चिखल बरा, निदान दिसतो तरी."

एका कोपऱ्यातून पट्टा उचलला. आधी कुबट वास आला, मग ताडपत्रीवर साचलेली शेवाळाची साय दिसली आणि तिच्याखाली लव्हाळा. पांढरे, सुईसारखे टोकदार कोंब उजेड शोधत ताडपत्रीखालून आडवे धावले होते, आणि जिथे जमलं तिथे प्लास्टिक भोसकून वर आले होते. लव्हाळ्याला मातीतल्या गाठींत साठवलेलं अन्न पुरतं. वरून झाकलं म्हणून तो मरत नाही.

मग तीन फूट खोल खड्डा घेतला. वर बिल्डरने टाकलेल्या राडारोड्याचा पातळ थर होता, विटांचे तुकडे आणि वाळलेलं सिमेंट. त्याखाली काळी माती आणि तीन फुटांच्या आसपास मुरूम. खड्ड्यात संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतून घरी गेलो. सकाळी नऊला परत आलो तेव्हा चार बोटं पाणी तसंच होतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट स्वतःच बुजवते. उन्हाळ्यात तीच आकसते आणि भेगा पडतात. म्हणजे गवताखालची जमीन वर्षातून एकदा वर येणार, एकदा खाली जाणार.

खरी गोष्ट कळली ती लेव्हलची (पाणी भरलेली पारदर्शक) नळी लावल्यावर. अंगणाचा उतार कंपाउंडकडे नव्हताच, घराकडे होता. १८ फुटांत दोन इंच. शिवाय गच्चीचा पावसाळी पाइप थेट अंगणात सोडलेला. हिशेब साधा आहे. ३६० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला की साडेआठशे लिटर पाणी होतं. गच्चीचं जवळपास तितकंच त्यात मिळत होतं, आणि ते सगळं मागच्या ओट्याच्या पायाशी येऊन ताडपत्रीच्या वर-खाली मुरत होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला दीड फुटापर्यंत ओल चढली होती. घरच्यांनी त्यावर दोनदा पुट्टी मारून झाली होती. त्या ओलीचा गवताशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मला बोलावलं होतं ते "जोड उघडलेत, चिकटवून द्या" एवढ्यासाठी.

पर्याय

जोड चिकटवून निघून येणं हा पहिला पर्याय. दोन हजारांचं काम. नाही म्हटलं.

दुसरा पर्याय काकांच्या मुलाने मांडला आणि तो बाजारात सगळ्यांत जास्त चालतो: चार इंच काँक्रीट ओतायचं आणि वर गवत चिकटवायचं. तण नाही, खाचखळगे नाहीत, चार दिवसांत काम संपतं. गच्चीवर मीही तसंच करतो. पण काळ्या मातीवरची पातळ काँक्रीट माती फुगली की तडकते. पाणी मुरायला जागा राहत नाही, सगळं वरूनच वाहून न्यावं लागतं. आणि मूल पडलं तर गवताखाली दगडच.

तिसरा पर्याय माझ्या आवडीचा: गवत नकोच. शहाबादी फरशी, मध्ये फटी, कडेने सावलीत तगणारी झाडं. मी हा आग्रहाने मांडला. सूनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, फरशी पुढे आहेच. पोराला लोळायला जागा हवीय." तिथे माझं म्हणणं संपलं. मला जे अंगण आवडतं ते त्यांच्या घराच्या उपयोगाचं नव्हतं.

चौथा पर्याय, जो शेवटी ठरला: माती काढून मुरूम आणि खडीचा पाया, उतार उलटा, आणि पाण्याला बाहेर जायची वाट.

यात एक सापळा आहे आणि बरेचजण त्यात सापडतात. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून लोक आठ इंच खोदतात, खडी भरतात आणि म्हणतात, पाणी खाली मुरेल. ज्या देशातले ते व्हिडिओ असतात तिथली माती कदाचित मुरवत असेल. काळ्या मातीत आठ इंच खोदून खडी भरली की तुम्ही परात तयार करता. पाऊस त्यात साचतो, खडीच्या फटींत उभा राहतो आणि खालच्या मातीला महिनोन्‌महिने भिजवतो. बाहेर जायची वाट नसेल तर खडी न घातलेली बरी.

वाट कुठून काढायची हा पुढचा पेच. कोपऱ्यातला चेंबर हाताशी होता, पण तो मोरीचा. पावसाचं पाणी ड्रेनेजच्या लाइनला जोडलं तर जोराच्या पावसात तीच लाइन उलटी भरून मोरीत येते. शोषखड्डा मुरुमापर्यंत नेता आला असता, पण ऑगस्टमध्ये तो मुरूमही पाण्याने भरलेला असतो. उरला बाजूचा तीन फुटी बोळ: ४५ फूट पाइप टाकून पुढच्या रस्त्याच्या गटारात पाणी सोडायचं. नळीने मोजलं तर सात इंचांचा उतार मिळत होता. पुरेसा होता, पण बोळात दोनच वर्षांपूर्वी घातलेली फरशी होती.

"अहो, मागच्या गवतासाठी पुढची फरशी फोडायची?" काकांचा आवाज चढला. मी त्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवायला सांगितलं. मार्च महिना होता, पाऊस जाऊन पाच महिने झाले होते, तरी भिंत गार लागत होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: फोडा.

काय केलं

सगळ्यांत आधी गच्चीचा पाइप वळवला. तो अंगणात न सोडता बोळातल्या नव्या लाइनला स्वतंत्र जोडला. गवताचं काम अर्धवट सोडावं लागलं असतं तरी एवढ्याने निम्मा त्रास कमी झाला असता.

एप्रिलअखेर खोदाई सुरू झाली. आठ इंच खोल म्हणजे २४० घनफूट, कागदावर दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आणि वर चाळीस फूट. पण खोदलेली माती सैल होते, प्रत्यक्षात तीन ब्रास भरली. बोळातून जेसीबी सोडा, हातगाडीही धड वळेना. सातशेच्या वर घमेली डोक्यावरून बाहेर गेली. ही मजुरी अंदाजपत्रकात मी कमी धरली होती, ते नुकसान मी सोसलं. आणि ती माती कोणाला नको होती! काळी माती फुकट मिळते म्हटल्यावर एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, मुठीत घेऊन चुरली, त्यात काळपट गोल गाठी दिसल्या, आणि "लव्हाळा आहे" एवढं बोलून निघून गेला. शेवटी पैसे देऊन उचलावी लागली.

तणनाशक मारू नका, असं सूनबाईंनी बजावलं होतं. मग मिस्त्रीमामांनी दोन बायका बसवून खोदलेल्या तळातून गाठी वेचून घेतल्या. बादलीभर निघाल्या. सगळ्या निघाल्या असं मामाही म्हणाले नाहीत.

तळाला उतार दिला घरापासून कंपाउंडकडे, ८० ला १, म्हणजे आठ फुटांना सव्वा इंच. एवढा उतार पायाला जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. मग दोन दिवस हलकं पाणी मारत राहिलो. काळी माती पूर्ण वाळून भेगाळलेली असताना वर पाया घातला, तर पहिल्या पावसात ती सगळी फुगी एकदम देते. आधीच थोडी ओलावून, भेगा मिटवून घातला की धक्का कमी बसतो.

त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी पाझरू देणारं कापड. हे नसेल तर दोन पावसाळ्यांत चिखल खडीत चढतो आणि खडी मातीत उतरते.

कापडावर चार इंच कठीण मुरूम, दोन थरांत, पाणी मारून आणि भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण-मुरमाड मातीचा थर घालायची युक्ती कालव्यांच्या कामातली आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी ती अभ्यासून रूढ केली. पण तिथे थर फुटांत मोजतात. आमचा चार इंचांचा थर म्हणजे त्या विद्येची चव फक्त. जमीन हलायची थांबणार नाही, हललीच तर एकसारखी हलेल, एवढीच अपेक्षा. काकांना हे आधीच लिहून दिलं.

कंपाउंडच्या कडेने चार इंची, भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, कापडात गुंडाळून, तिथून बोळातून गटारात. त्यावर तीन इंच खडी, परत कापड, आणि सगळ्यांत वर इंचभर कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी. कच घेताना धुतलेली मागायची. डस्ट असलेली दाबायला छान बसते, पण पहिल्या पावसानंतर सिमेंटसारखी आळते आणि पाणी वर तरंगतं. चारही बाजूंनी काँक्रीटची पट्टी घातली, कारण खडीत खिळा धरत नाही. गवताची कड या पट्टीला चिकटवायची होती.

पट्टीची रुंदी मात्र गवताच्या पन्ह्यावरून ठरवली. रोल दोन मीटरचे येतात. तीन रोल म्हणजे १९ फूट ८ इंच, त्यातून प्रत्येक कडेच्या दोन ओळी कापल्या की अजून थोडं जातं. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांची पट्टी धरल्यावर तीन रोल बरोबर बसत होते. नाहीतर चार इंचांसाठी चौथा रोल घ्यावा लागला असता.

मे संपताना पाया तयार झाला आणि या कामातला सगळ्यांत अवघड निर्णय समोर आला. मला गवत लगेच टाकायचं नव्हतं. मला तो पाया उघडा ठेवून पाऊस बघायचा होता. घरात मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात नातवाचा वाढदिवस, चाळीस पाहुणे. दोन दिवस फोनवर ओढाताण झाली. तोडगा आजींनी काढला: "ते जुनं गवत गुंडाळून ठेवलंय ना? एका दिवसासाठी सतरंजीसारखं टाका की." धुऊन, वाळवून टाकलं. पाहुण्यांनी नव्या गवताचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गुंडाळलं.

मग पाऊस आला. दुसऱ्या मोठ्या सरीनंतर पाइपच्या चरावरची जमीन दीड इंच बसली. चर भरताना घाई झाली होती. गवत टाकलेलं असतं तर ते बसणं महिनोन्‌महिने दिसलं नसतं आणि मग उचकटून काढावं लागलं असतं. चर उघडून पुन्हा दाबला. महिन्याभरात लव्हाळ्याचे कोंबही कापड भोसकून वर आले, बहुतेक कंपाउंडच्या बाजूला. कुठून येतात ते आता दिसत होतं, म्हणून प्रत्येक कोंबाखाली खणून गाठ काढली. ऐंशीच्या आसपास निघाल्या.

ऑगस्टमध्ये चार दिवसांची उघडीप मिळाली. रोल उलगडून अर्धा दिवस नुसते पसरून ठेवले, वळ्या बसेपर्यंत. सगळ्यांच्या पात्यांची दिशा एकच, स्वयंपाकघराच्या दाराकडे झुकलेली. जोडाखाली टेप, पीयू (पॉलियुरेथेन) गोंद, वर सात पोती सिलिका वाळू झाडूने पात्यांच्या मुळाशी घातली. हे काम दोन दिवसांचं. लोक ज्याला "गवत लावणं" म्हणतात ते एवढंच.

निकाल

त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा गेला आहे.

पाणी साचत नाही. जोराची सर आली की दहा-पंधरा मिनिटांत बोळाच्या टोकाला धार लागते आणि सर थांबल्यावर तासाभरात ती बारीक होते. काका ती बघायला छत्री घेऊन उभे असतात. स्वयंपाकघराची भिंत पुढच्या उन्हाळ्यात बरीचशी वाळली. त्याचं श्रेय गवताला नाही, उताराला आणि गच्चीच्या पाइपला. आजींचा वॉकर डगमगत नाही.

माती फुगलीच. पावसाळ्यात मधला भाग किंचित वर आला, पण पोटलीसारखा एकसंध, उंचवटे आले नाहीत. काँक्रीटच्या पट्टीला मात्र दोन ठिकाणी केसासारखे तडे गेले.

मे महिन्यात दुपारी बारा ते चार त्या गवतावर अनवाणी उभं राहता येत नाही. खरं गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, प्लास्टिकला ते जमत नाही. नळीने पाणी मारलं की दहा मिनिटं बरं वाटतं. हे मी आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि पोराचा तळवा लाल होणं वेगळं. आता मे-जूनपुरती हिरवी शेडनेट बांधतात.

आणि कढीपत्ता. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी लव्हाळ्याच्या मागे लागलो होतो आणि कढीपत्ता मुळांवरून फुटवे काढतो, हे नाशिकमधल्या कुठल्याही आजीला ठाऊक असलेलं सत्य विसरलो. झाडापासून चार फुटांपर्यंत तीन ठिकाणी गवत तंबूसारखं वर उचललं गेलं. कापून पाहिलं तर खाली पेन्सिलीएवढे फुटवे. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं," आजी म्हणाल्या. विचारलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

काँक्रीटच्या पट्टीत दर सहा फुटांवर सांधा सोडेन. सलग ओतली, म्हणून तिने स्वतःचे सांधे स्वतः पाडून घेतले.

भोकांच्या पाइपला वरच्या टोकाला झाकणाचं तोंड ठेवेन. आता तो तुंबला तर साफ करायला गवत उघडावं लागेल, आणि चार-पाच वर्षांत तो तुंबणार.

मजुरी बोळाची रुंदी बघून धरेन, अंगणाचं क्षेत्रफळ बघून नाही.

पाया पावसात उघडा ठेवायचा निर्णय मात्र तसाच घेईन. घरच्यांना तो विलंब वाटतो, म्हणून आता पहिल्याच भेटीत तारखेसकट लिहून देतो. काँक्रीटला नाही म्हटलं तेही बरोबर होतं असं मला वाटतं, पण जागा मुरमाड असती, उतार आधीच नीट असता, तर इतका हट्ट धरला नसता.

कढीपत्त्याचं असं केलं: झाडाभोवती चार फूट त्रिज्येचा पाव गोल कापून काढला, कडेला दीड फूट खोल चर घेऊन त्यात जाड प्लास्टिकचा पत्रा उभा घातला आणि आतली जागा मातीची ठेवली. आजींनी तिथे आळू लावला. पहिल्या पावसात आळवाच्या आधी तिथे लव्हाळा उगवला. काका रोज सकाळी खुरपं घेऊन बसतात.